शेप ऑफ वॉटर बघू की ब्यूटी अँड द बीस्ट? ठरत नसेल तर हे वाचा

प्रेमकथा हवी पण नेहमीची नको, एकीकडे माणूस आणि दुसरीकडे कुठला तरी विचित्र जीव अशी हवी, आणि रात्र एकच आहे त्यामुळे पिक्चर पण एकच बघायचाय, असं म्हणणारे लोक फिरून फिरून दोनच नावांवर येतात, 'द शेप ऑफ वॉटर' आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट'. मी हे दोन्ही खूपदा बघितलेत, घरच्यांबरोबर, मैत्रिणींबरोबर, एकटीनं पण, आणि पिक्चरइतकंच मला बघणाऱ्यांकडे बघायला आवडतं, कारण या दोघांवर जेवढी टोकाची मतं ऐकली तेवढी दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेवर नाही ऐकली. शेप ऑफ वॉटर संपल्यावर माझी मोठी बहीण कितीतरी वेळ बोललीच नाही, नुसती डोळे पुसत बसली, आणि त्याच सोफ्यावर बसलेला मामेभाऊ मधेच "हे काय दाखवतेयस तू आम्हाला" म्हणून उठून आत गेला होता. एकच पिक्चर, एकच खोली. म्हणून "कुठला चांगला" असं नुसतं विचारून उपयोग नाही, तुम्हाला काय चालतं आणि काय चालत नाही ते आधी बघायला लागतं.

सुरुवातीला एक घोळ मिटवून टाकू. ब्यूटी अँड द बीस्ट म्हणजे नक्की कुठला? गोष्ट मुळात फ्रेंच आहे, १७४० मध्ये विलनव्ह नावाच्या बाईंनी लिहिलेली, ती बरीच मोठी होती, मग १७५६ मध्ये बोमाँ नावाच्या दुसऱ्या बाईंनी तिची छोटी आवृत्ती केली आणि आज जगभर माहीत आहे ती बहुतेक हीच. पिक्चर खूप निघाले पण लोक बघतात ते मुख्य तीन, १९४६ चा झाँ कॉक्तोचा काळापांढरा, १९९१ चा डिस्नेचा ॲनिमेशनवाला आणि २०१७ चा एमा वॉटसनवाला. मी इथे जास्त करून १९९१ च्याबद्दल बोलणारे कारण माझ्या मते तो अजूनही सगळ्यात भारी आहे, बाकी दोघांबद्दल पुढे येतंच.

शेप ऑफ वॉटर एकच आहे. २०१७ चा, दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो, मेक्सिकोचा माणूस. गोष्ट घडते अमेरिकेत बाल्टिमोरला, १९६२ मध्ये, म्हणजे अमेरिका आणि रशियाची चढाओढ जोरात चालू होती तेव्हा. एलायझा नावाची बाई, बोलू शकत नाही, ऐकू येतं, हाताच्या खुणांनी बोलते, एका सरकारी लॅबमध्ये रात्रपाळीला साफसफाईचं काम करते. तिथे दक्षिण अमेरिकेतल्या नदीतून पकडून आणलेला एक जीव साखळीनं बांधून ठेवलाय, अर्धा मासा अर्धा माणूस असा, तिकडचे लोक त्याला देव मानायचे आणि इकडे त्याला चिरून आत काय आहे ते बघायचं चाललंय. ती त्याच्या प्रेमात पडते. बस, एवढीच गोष्ट आहे. यावर या पिक्चरला १३ ऑस्कर नॉमिनेशनं मिळाली आणि त्यातली ४ जिंकली, सगळ्यात मोठं बेस्ट पिक्चरचं पण. त्याआधी व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस, गोल्डन लायन, मिळालेलंच होतं. हे मुद्दाम सांगतेय कारण बरेच जण "ऑस्करवाला आहे" एवढ्या माहितीवर अख्खी फॅमिली घेऊन बसतात आणि मग पहिल्या काही मिनिटांतच रिमोट शोधायची वेळ येते. पिक्चर मोठ्यांचा आहे, अमेरिकेत आर रेटिंग आहे. ऑस्कर मिळालं म्हणजे घरात सगळ्यांना चालेल असं अजिबात नाही.

आता खरी तुलना. मला विचाराल तर दोन्ही पिक्चरमध्ये प्रेम सुरू होतं ते एका कुलुपाशी, आणि सगळा फरक किल्ली कोणाकडे आहे यात आहे.

ब्यूटीमध्ये किल्ली प्राण्याकडे आहे, म्हणजे शापानं जनावर झालेल्या राजपुत्राकडे. नायिका बेल, तिचा बाप चुकून त्याच्या वाड्यात जातो, कैद होतो, बापाला सोडवायला ती स्वतः त्याच्या जागी राहते. म्हणजे ती कैदी आणि तो मालक. त्यामुळेच या पिक्चरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, की कोंडून ठेवणाऱ्याच्या प्रेमात कोण पडतं, हे तर अपहरण झालेल्या माणसाला अपहरण करणाऱ्याचीच माया वाटायला लागावी तसं झालं. माझी एक मैत्रीण, तिला लहानपणी हा पिक्चर तोंडपाठ होता, ती आता स्वतःच्या मुलीला तो दाखवताना मधे थांबवून समजावते की बघ, ओरडणारा माणूस प्रेमानं सुधारेल म्हणून आपण थांबायचं नसतं. मला तिचं म्हणणं पटतं. पण मला हेही वाटतं की त्या पिक्चरला स्वतःला हे माहीत आहे. बेल सुरुवातीला त्याला घाबरून गप्प बसत नाही, त्याच्याबरोबर जेवायला यायला साफ नकार देते, एकदा पळून पण जाते. तो बदलायला लागतो ते ती गोड बोलते म्हणून नाही, ती उलट उत्तर देते म्हणून. आणि प्रेमाचा खरा क्षण माझ्या मते नाचाचा नाहीच, तो त्यानंतर येतो, बाप आजारी आहे हे आरशात दिसल्यावर तो तिला "जा" म्हणतो तेव्हा. शापाची मुदत संपत आलेली, गुलाबाच्या पाकळ्या गळत आलेल्या, ती गेली तर आपण कायमचे जनावर राहणार हे माहीत असून तो किल्ली सोडतो. हा सीन डोक्यात ठेवून बघा, पिक्चर वेगळा दिसतो.

शेप ऑफ वॉटरमध्ये उलटं आहे. कैदी तो आहे, आणि किल्ली खरं तर दोघांकडेही नाहीये. एलायझा तिथली सगळ्यात खालच्या पायरीवरची, हातात बादली आणि फडका, तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही, आणि कोणी बघत नाही म्हणूनच तिला आत बाहेर करता येतं. ती त्याच्यासाठी उकडलेली अंडी घेऊन जाते, रेकॉर्ड लावते, अंड्याची खूण शिकवते. आणि मग त्याला मारणार आहेत कळल्यावर ती जे करते ते नोकरी, जीव, सगळं पणाला लावून करते. बघणाऱ्यांपैकी ज्यांना हा पिक्चर आवडतो त्यांना बहुतेक याच कारणासाठी आवडतो, की इथे बाई वाट बघत बसलेली नाही, सोडवणारी ती आहे. तिचं शेजाऱ्याशी एक भांडण आहे, ती खुणा करतेय आणि त्याला त्या मोठ्यानं बोलून दाखवायला लावतेय, मतलब असा की तो जीव माझ्याकडे बघतो तेव्हा माझ्यात काय कमी आहे हे त्याला माहीतच नसतं. एलायझा झालेल्या सॅली हॉकिन्सनं तो सीन तोंडातून एक शब्द न काढता केलाय. मी जितक्या लोकांबरोबर बघितलाय त्यातलं कोणीच त्या सीनला मोबाईलकडे बघत नव्हतं.

इथे एक आक्षेप आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. न बोलता येणाऱ्या बाईला जोडीदार म्हणून माणूस सोडून पाण्यातला प्राणीच का मिळावा, म्हणजे ती आपल्यातली नाहीच असं म्हणायचंय का, असं काही अपंग प्रेक्षक आणि समीक्षकांनी विचारलं, आणि बोलता येणाऱ्या नटीला ही भूमिका का दिली हेही विचारलं. दुसऱ्या बाजूनं असंही म्हणणारे आहेत की पहिल्यांदाच अशा बाईला स्वतःची इच्छा, स्वतःचं शरीर, स्वतःचा राग असलेली नायिका म्हणून बघितलं, कोणाच्या दयेवर जगणारी म्हणून नाही. मी दुसऱ्या बाजूला जास्त झुकते पण पहिला प्रश्न मनातून जात नाही, आणि तुमच्या घरात कोणी खुणांच्या भाषेत बोलणारं असेल तर त्यांचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं धरा.

प्राणी दिसतो कसा

यावर मी जरा जास्त बोलणारे कारण क्रीचरवाला पिक्चर शेवटी क्रीचरवर उभा राहतो किंवा पडतो. डोळ्यांवर विश्वास बसला नाही तर प्रेमावर कुठून बसणार.

१९९१ चा बीस्ट ग्लेन कीन नावाच्या ॲनिमेटरनं घडवला आणि त्यानं एकच प्राणी नाही घेतला, सिंहाची आयाळ, गव्यासारखं डोकं, गोरिलाचं कपाळ, रानडुकराचे सुळे, अस्वलाचं धड, लांडग्याचे पाय आणि शेपूट असं सगळं एकत्र केलं, आणि डोळे मात्र माणसाचे ठेवले, निळे. आणि ते डोळेच नंतर कामाला येतात, शेवटी बेल त्याला ओळखते ती डोळ्यांवरूनच. हाताने काढलेलं चित्र असून त्याच्या चेहऱ्यावर लाज, राग, भीती सगळं दिसतं, चमच्यानं सूप पिता येत नाही म्हणून तो ओशाळतो आणि बेल आपला वाडगा उचलून तोंडाला लावते, तेवढ्या एका सीनमध्ये दोघांचं जमतं हे लहान मूल पण सांगेल.

शेप ऑफ वॉटरमधला जीव म्हणजे खरा माणूस आहे सूटमध्ये, डग जोन्स. हा माणूस देल तोरोच्या पिक्चरमध्ये नेहमी असा मेकअपच्या आत असतो, २००४ च्या हेलबॉयमधला पाण्यातला एब सेपियन तोच आणि २००६ च्या पॅन्स लॅबिरिंथमधला फॉन पण तोच. इथे सूट खरा आहे आणि डोळ्यांची हालचाल, कल्ले वगैरे गोष्टी कॉम्प्युटरवर वाढवल्यात, त्यामुळे एलायझा त्याला हात लावते तेव्हा तो खरंच कशाला तरी लागतो. हा फरक बघणाऱ्याला शब्दात सांगता येत नाही पण जाणवतो. माझ्या मामेभावाला तो आवडला नाही आणि माझ्या बहिणीला आवडला, पण खोटा वाटला असं दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही. तो बोलत नाही. कुठल्या शापातला राजपुत्र वगैरे नाही. मान तिरकी करून बघतो, श्वास घेतो, चिडला की चावतो. काही जणांची तक्रार हीच आहे की त्याला स्वभावच नाही, तो फक्त सुंदर आणि बिचारा आहे, मग ती नक्की कशाच्या प्रेमात पडली? या तक्रारीत तथ्य आहे. बीस्टचा स्वभाव तुम्ही चार वाक्यांत सांगू शकता, तापट, एकटा, हट्टी, मनानं हळवा. या जीवाचा नाही सांगता येत. पण मला असं वाटतं की एलायझाला आयुष्यभर सगळ्यांनी तिच्या न बोलण्यावरून ओळखलंय आणि हा पहिला आहे ज्याला न बोलणं ही गोष्टच वेगळी वाटत नाही, आणि तिला तेवढं पुरेसं आहे. तुम्हाला तेवढं पुरणार नसेल तर मात्र हा पिक्चर तुम्हाला अर्धवट वाटेल, आधीच सांगून ठेवते.

आता ज्यावर लोक दबक्या आवाजात बोलतात ते. शेप ऑफ वॉटरमध्ये त्यांचं प्रेम शारीरिक पण आहे. फार काही दाखवत नाहीत, बाथरूममधला पडदा ओढून घेतात आणि आपण बाहेर राहतो, दुसऱ्या दिवशी ती आपल्या मैत्रिणीला खुणांनी सांगते, दोघी हसतात. पण झालंय काय ते स्पष्ट आहे. इथेच प्रेक्षक दोन गटांत फुटतात, माझा मामेभाऊ याच जागी उठला. ज्यांना किळस वाटली त्यांना मी मागासलेले वगैरे म्हणणार नाही, ती आतून येणारी गोष्ट आहे, तिच्यावर वाद घालून काही होत नाही. मला एवढंच म्हणायचंय की ब्यूटी अँड द बीस्ट हाच प्रश्न टाळतो, लग्न व्हायच्या आत त्याला माणूस करून टाकतो, म्हणून तो आपल्याला सोपा जातो. शेप ऑफ वॉटर टाळत नाही. एलायझा रोज कामावर जायच्या आधी टबमध्ये काय करते हे तो पहिल्या पाच मिनिटांतच दाखवून टाकतो, म्हणजे ही मोठी बाई आहे, हिला मन आहे तसं शरीर पण आहे, हे आधीच सांगितलेलं असतं. हा मोकळेपणा मला फार आवडतो. मुलांबरोबर किंवा आईवडिलांबरोबर बघताना तो आवडेलच असं नाही, आणि मग रात्र खराब होते, म्हणून शंका असेल तर तो एकट्यानं किंवा जोडीदाराबरोबर बघायचा ठेवा.

अजून एक धोक्याची सूचना, मांजर. ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांनी मनाची तयारी ठेवा, शेजाऱ्याच्या एका मांजराचं वाईट होतं, आणि ते दाखवलंय. माझी एक मैत्रीण तिथून पुढे त्या जीवावर माया करूच शकली नाही, बाकी पिक्चर कितीही छान असला तरी. मला उलट तो सीन गरजेचा वाटतो कारण तो नसता तर हा नुसता गोंडस झाला असता, तो जंगली आहे आणि तरीही वाईट नाही हे तिथेच कळतं. शिवाय तोडलेली बोटं आहेत, ती परत शिवतात आणि ती कुजत जातात, ते बघताना बऱ्याच जणांना कसंतरी होतं. विजेच्या दांड्यानं मारणं आहे, गोळ्या आहेत, रक्त बऱ्यापैकी आहे. ब्यूटीमध्ये लांडगे आणि शेवटची मारामारी सोडली तर घाबरण्यासारखं काही नाही, तरी अगदी लहान मुलं बीस्टच्या पहिल्या डरकाळीला दचकतात.

खलनायकाचं दोघांचं गणित सारखंच आहे. देखणा, सगळ्यांना मान्य असलेला माणूस तो खरा राक्षस. इकडे गॅस्टन, गावाचा लाडका, बेल नाही म्हणते हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. तिकडे स्ट्रिकलँड, लॅबमध्ये त्या जीवावर पहारा ठेवणारा अधिकारी, चांगलं घर, बायको, दोन मुलं, नवीकोरी कॅडिलॅक, आणि देव आपल्यासारखाच दिसत असणार याची खात्री. मायकल शॅननचं काम जबरदस्त आहे, पण स्ट्रिकलँडमध्ये चांगलं असं काहीच ठेवलं नाही, तो जरा जास्तच काळा रंगवला अशी तक्रार मी खूप जणांकडून ऐकली आणि मलाही ती थोडी पटते. गॅस्टन निदान गाणं तरी म्हणतो, हसवतो, आणि म्हणूनच शेवटी तो गावाला चिथावून वाड्यावर चालून जातो तेव्हा जास्त भीती वाटते, कारण तोवर आपण पण त्याच्यावर हसलेलो असतो. खलनायकात ब्यूटी पुढे.

आजूबाजूच्या माणसांत मात्र शेप ऑफ वॉटर खूप पुढे. ब्यूटीमधली घड्याळ, मेणबत्त्या, किटली ही शापानं वस्तू झालेली नोकरमंडळी गोड आहेत, त्यांची गाणी डोक्यातून जात नाहीत, पण ती सजावट आहे. शेप ऑफ वॉटरमधला शेजारी जाइल्स, उतारवयातला चित्रकार, पुरुषांवर प्रेम करणारा आणि त्या काळात ते कोणाला सांगू न शकणारा, त्याच्या चित्रांना आता गिऱ्हाईक नाही कारण जाहिरातीत फोटो आलेत. मैत्रीण झेल्डा, कृष्णवर्णीय, बरोबर झाडू मारणारी, एलायझाच्या वतीनं बोलणारी आणि घरी नवऱ्याशी मात्र तिचं बोलणंच होत नाही. एक रशियन हेर आहे जो आधी शास्त्रज्ञ आहे आणि त्याला तो जीव मरायला नको आहे. या सगळ्यांना बाहेरच्या जगानं एका कोपऱ्यात टाकलंय आणि एका जीवाला वाचवायला हीच माणसं एकत्र येतात. पाय नावाचा गोड पदार्थ विकणाऱ्या दुकानातला एक छोटा सीन आहे, जाइल्स तिथल्या पोरासाठी जातो आणि त्याच पोराचं खरं रूप त्याला एका मिनिटात दिसतं. त्या प्राण्याचा तिथे पत्ता नाही तरी सगळा पिक्चर त्या सीनमध्ये आहे. ज्यांना "प्रेमकथा पटली नाही" असं वाटलं त्यांनाही जाइल्स आवडलेला असतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मी अनोळखी माणसाला हा पिक्चर सांगताना प्राण्यापेक्षा आधी जाइल्सबद्दल सांगते.

दिसायला दोन्ही सुंदर. ब्यूटीमधला नाचाचा हॉल कॉम्प्युटरवर केलेला आणि त्यात हातानं काढलेली माणसं, १९९१ मध्ये हे फार नवीन होतं, कॅमेरा झुंबराच्या बाजूनं फिरत खाली येतो तेव्हा आजही अंगावर काटा येतो. बेस्ट पिक्चरच्या ऑस्करसाठी नॉमिनेट झालेला हा पहिला ॲनिमेशनपट. शेप ऑफ वॉटरमध्ये सगळं हिरव्यानिळ्या रंगात बुडवलेलं आहे, भिंती, कपडे, गाडी, आणि एलायझा प्रेमात पडली की तिच्या अंगावर हळूहळू लाल रंग यायला लागतो, आधी थोडा मग जास्त, कोणी सांगितलं नाही तर लक्षात येत नाही पण मनावर काम करतोच. सुरुवातीला तिचं घर पाण्यात तरंगताना दिसतं ना, तिथे पाणी नाहीचे, धूर सोडून, सामान तारांनी लटकवून, हळू वेगात शूट केलंय. हा सगळा पिक्चर साधारण दोन कोटी डॉलरमध्ये झाला, हॉलिवूडच्या हिशोबात ही फार छोटी रक्कम आहे, आणि बघताना कुठे कंजुषी दिसत नाही.

गाण्यांसाठी बघायचा असेल तर प्रश्नच नाही, ब्यूटी. ॲलन मेंकनचं संगीत आणि हॉवर्ड ॲशमनचे शब्द, संगीत आणि गाणं दोन्हीला ऑस्कर. ॲशमन मार्च १९९१ मध्ये एड्सनं गेले, पिक्चर नोव्हेंबरमध्ये आला, त्यांनी तो पूर्ण झालेला बघितलाच नाही आणि शेवटी पिक्चर त्यांना अर्पण केलाय. हे कळल्यापासून गावकरी मशाली घेऊन "मारा त्याला" म्हणत निघतात ते गाणं मला आधीसारखं ऐकता येत नाही. शेप ऑफ वॉटरला अलेक्झांडर देस्प्लाचं संगीत आहे, शीळ, बासऱ्या, ॲकॉर्डियन, हळूच येतं आणि नंतर दोन दिवस मनात राहतं, त्यालाही ऑस्कर मिळालं. एक काळापांढरा नाच मधेच येतो, तो काहींना अप्रतिम वाटतो आणि काहींना पूर्ण अनाठायी. मला अप्रतिम, कारण ज्या बाईला आवाज नाही तिला तेवढ्या एका मिनिटापुरता गाता येतं.

२०१७ चा ब्यूटी बघू का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर, घाई असेल तर नको. दोन तास नऊ मिनिटांचा आहे, १९९१ चा चौऱ्याऐंशी मिनिटांत तीच गोष्ट जास्त चांगली सांगतो. डॅन स्टीव्हन्सनं उंच टाचांसारख्या काठ्यांवर उभं राहून काम केलंय आणि वरून प्राणी कॉम्प्युटरवर चढवलाय, मेहनत दिसते, पण त्या केसाळ चेहऱ्यामागे माणूस आहे असं मला तरी सारखं जाणवत राहिलं नाही. जगभर सव्वा अब्ज डॉलरच्या वर कमावले त्यानं, म्हणजे आवडणारे भरपूर आहेत, कपडे आणि सेट खरंच डोळे दिपवणारे आहेत. १९४६ चा मात्र कधीतरी नक्की बघा. युद्ध नुकतंच संपलेलं, फिल्मची टंचाई, वीज जायची, अशात कॉक्तोनं भिंतीतून बाहेर आलेले हात आणि त्यांच्यात पेटत्या मेणबत्त्या असा वाडा उभा केला. त्यातला बीस्ट शिकार करून येतो तेव्हा त्याच्या हातांतून धूर निघत असतो आणि त्याला त्याची लाज वाटते. आजच्या सवयीनं तो संथ वाटेल, पण ज्याला हे दोन्ही आवडले त्याच्यासाठी तिसरा तोच.

आणि आता माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, शेवटी बदलतं कोण.

आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत राक्षसाचा जीव पोपटात असायचा आणि पोपट मारला की गोष्ट संपायची. ब्यूटी अँड द बीस्ट त्याच्या एक पाऊल पुढे जाते, राक्षसाला मारू नका, प्रेम करा, तो माणूस होईल. पण होईल माणूसच. १९९१ च्या पिक्चरच्या शेवटी तो निळ्या डोळ्यांचा, लांब केसांचा राजपुत्र झाला तेव्हा मला लहानपणी पण वाईट वाटलं होतं, आणि मोठी झाल्यावर कळलं की असं वाटणारी मी एकटी नाही, कितीतरी लोकांना तो राजपुत्र परका वाटतो, आपला बीस्ट कुठे गेला असं होतं. २०१७ वाल्यांना हे नक्की माहीत असणार, कारण त्यात बेल शेवटी त्याला दाढी वाढवायचं सुचवते. १९४६ च्या पिक्चरमध्ये तर तिच्या चेहऱ्यावरच आनंदाबरोबर एक थबकणं दिसतं. देल तोरोचं म्हणणं असं की त्यानं लहानपणी १९५४ चा 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' बघितला आणि त्याला वाटलं या जीवाचं आणि त्या मुलीचं जमायला हवं होतं. तिथे ते जमत नाही, जीवाला गोळ्या घालतात. म्हणून त्यानं मोठेपणी आपल्या पिक्चरमध्ये जीवाला जसाच्या तसा ठेवला. तो माणूस होत नाही, कोणी त्याला व्हायला सांगत पण नाही. मी शेवट फोडत नाही, पण बदल झालाच तर तो दुसऱ्या बाजूनं आहे.

तर ठरवताना स्वतःला हेच विचारा. तुम्हाला असं प्रेम बघायचंय का ज्यात दोघांपैकी एक सुधारतो, शांत होतो, घरात घेण्यासारखा होतो? त्यात काही वाईट नाही, आपण सगळे थोडेफार तसेच सुधारलोय कोणामुळे तरी. मग १९९१ चा ब्यूटी लावा, मुलांसकट, आजीआजोबांसकट, कोणालाच अवघडायला होणार नाही आणि सगळे गाणी म्हणत उठतील. की तुम्हाला असं हवंय ज्यात तो जसा आहे तसाच राहतो आणि तरी कोणीतरी त्याच्यासाठी दार उघडतं? मग शेप ऑफ वॉटर. दिवस वाईट गेला असेल, आपण कुठेच बसत नाही असं वाटत असेल, तर तोच. नुकतंच नातं तुटलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मी आधी ब्यूटी लावून दिला होता, हलकं वाटेल म्हणून, तिला तो टोचला, "म्हणजे मी अजून थांबले असते तर तो बदलला असता का" असं तिच्या मनात आलं. पुढच्या आठवड्यात शेप ऑफ वॉटर बघितला आणि रडली खूप, पण ते रडणं वेगळं होतं. तेव्हापासून ब्रेकअप झालेल्यांना मी ब्यूटी सांगत नाही. लॉजिक शोधत बसणारे, बाथरूम पाण्यानं कसं भरेल आणि एवढ्या सिक्युरिटीतून त्याला बाहेर कसं काढलं वगैरे विचारणारे बरोबर असतील तर मात्र शेप ऑफ वॉटर त्यांच्याबरोबर नको, ती परीकथा आहे आणि ती पहिल्या वाक्यातच तसं सांगते, पण सगळे ऐकत नाहीत.

लावणार असाल तर सुरुवात चुकवू नका. जाइल्सचा आवाज येतो आणि तो राजकन्येची गोष्ट सांगायला लागतो, ते शब्द नीट ऐका, कारण शेवटीही तोच बोलतो, आणि तो जे सांगतो ते खरंच घडलं की त्यानं मनाच्या समाधानासाठी तसं सांगितलं यावर माझं आणि बहिणीचं अजून एकमत नाही. ती म्हणते घडलं. मी दर वेळी तेवढ्यासाठी एलायझाच्या मानेवरच्या जुन्या खुणांकडे बघत बसते.